आधी शंभर दाणे, मग पेरणी
संगणकाची मुक्त प्रणाली गावात कशी रुजवावी?



मे महिन्याच्या अखेरीस सोयाबीनचे घरचे बियाणे बाहेर निघाले, की आम्ही शेतीखात्यातली माणसे दरवर्षी तेच सांगत गावोगाव फिरतो. पोत्यातून सरसकट शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा. गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, आणि सहा-सात दिवसांनी किती उगवले ते मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा. थोडे कमी भरले तर बियाणे वाढवा. फारच कमी असेल तर ते पेरूच नका.

तुम्ही म्हणाल, मथळ्यात संगणक आणि साहेब सोयाबीनवरच बोलत बसले! पण त्याला कारण आहे. जी गोष्ट मी तुम्हाला तीस वर्षे सांगत आलो, तीच एकदा स्वतः विसरलो, आणि त्याची झळ एका गावातल्या दूध घालणाऱ्या बायाबापड्यांना लागली. ती हकिगत आधी सांगतो. कारण संगणकाची नवी प्रणाली लोकांपर्यंत कशी न्यावी, हे मला त्या चुकीनेच शिकवले.

मी केलेली घाई

या गोष्टीला बारा-तेरा वर्षे झाली असतील. माझ्या मंडलातल्या एका गावच्या दूध संस्थेचा संगणक फार रखडत चालत असे. बटण दाबून चहा पिऊन यावे, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. पेन ड्राइव्हमधून आलेल्या विषाणूंनी तो पार पोखरला होता. त्याच सुमारास माझ्या पुतण्याने मला लिनक्स ही मुक्त प्रणाली दाखवली होती. माझा स्वतःचा जुना संगणक तिच्यावर नव्यासारखा पळू लागला होता. नवा वाण पाहिला की त्याचा प्रसार करायचा, ही आमची सवय. मी सचिवांना म्हणालो, "एका संध्याकाळी करून देतो, पैसाही लागणार नाही."

आणि दिले करून! जुने सगळे पुसले, नवे भरले. हिशेबाच्या फायली आधी उतरवून घेतल्या होत्या, तेवढे एक शहाणपण केले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा दिवसांचे दूध बिल काढायचे होते. बिल काढण्याचा जो प्रोग्राम संस्थेने घेतला होता, तो फक्त विंडोजवर चालणारा निघाला. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली पत्रे उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हे. सचिव माझ्याकडे पाहताहेत, मी पुतण्याला फोन लावतोय, आणि बाहेर ओट्यावर माणसे बसलेली.

बिल तीन दिवस लांबले. दूध बिलाचे तीन दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एका मावशींना मुलीची परीक्षेची फी त्याच पैशातून भरायची होती. त्यांनी ती शेजारणीकडून उसने घेऊन भरली. शेवटी तालुक्याहून दुरुस्तीवाला आणून पुन्हा विंडोज भरावे लागले.

सचिव रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, आम्ही बियाणं बदलतो तेव्हा तुम्ही शंभर दाणे मोजायला लावता. इथं का नाही मोजले?"

त्या गावात पुढे कितीतरी दिवस लिनक्सचे नाव काढायची सोय राहिली नाही. वाण वाईट नव्हता. प्रसार करणारा चुकला होता.

ही मुक्त प्रणाली म्हणजे काय?

संगणक सुरू केल्यावर जो मूळ कारभारी जागा होतो, पडदा, कळफलक, प्रिंटर या सगळ्यांना कामाला लावतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची प्रणाली. ती कंपनीच्या अटींवर वापरायची. तिच्या पोटात काय आहे ते पाहायची मुभा नाही.

मुक्त प्रणालीचे तसे नाही. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशी प्रणाली उभी करण्याचे काम जाहीर केले. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, याने तिचा गाभा लिहिला. तोच लिनक्स. ही प्रणाली कोणीही वापरावी, उघडून पाहावी, दुसऱ्याला द्यावी, सुधारून वाटावी, असा तिचा परवानाच आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा सरळ वाणाच्या बियाण्यासारखा प्रकार आहे. संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे बियाणे घरी राखता येते, पाहुण्यांना देता येते. २००१ सालच्या वाणांच्या कायद्याने शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे. तोच हक्क संगणकाच्या बाबतीत मुक्त प्रणाली देते.

आणि ही काही परग्रहावरची वस्तू नाही. तुमच्या खिशातला मोबाइल अँड्रॉइडचा असेल, तर त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीत २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालणारे आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची प्रणाली आणली, तीही लिनक्सचीच, भारतीय भाषांची सोय करून दिलेली. घरगुती वापरासाठी उबुंटू आणि लिनक्स मिंट ही नावे जास्त प्रचलित आहेत. नवख्या माणसाला मिंट सोपी जाते, कारण तिची मांडणी जुन्या विंडोजच्या वळणाची आहे.

आत्ताच हा विषय का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. नोंदणी करणाऱ्यांना त्यापुढे वर्षभराची वाढीव मुदत जाहीर झाली, एवढेच. संगणक बंद पडत नाही, हे ध्यानात घ्या. पण सुरक्षेची भोके बुजवणे थांबते. कुंपण आहे, पण पडलेला काटा पुन्हा कोणी लावत नाही, अशी स्थिती. विंडोज ११ घ्यावी म्हटले, तर ती साधारण २०१८ पूर्वीच्या बहुतेक संगणकांना अधिकृतपणे चालत नाही.

म्हणजे मुलीच्या शिक्षणासाठी काटकसर करून घेतलेला लॅपटॉप, शाळेला मिळालेले संगणक, बचत गटाचा, अभ्यासिकेचा संगणक, हे सगळे धडधाकट असूनही भंगारात निघायची वेळ आली आहे. त्यांना आणखी पाच-सहा वर्षे कामाला लावणे शक्य आहे. लिनक्स मिंट दोन जीबी मेमरीवरही उभी राहते. चार जीबी असेल तर घरगुती काम नीट चालते.

लोकांना काय पटत नाही, आणि काय पटते

ज्या तरुण मुलांना ही प्रणाली ठाऊक आहे, ती हिचा प्रसार करताना पहिले वाक्य म्हणतात, "ही फुकट आहे." माझे ऐका, हे वाक्य सोडून द्या. एक तर फुकटच्या मालावर आपल्या माणसाचा विश्वास बसत नाही. दुसरे असे, की गावाकडे कितीतरी संगणकांत दुकानदाराने विंडोजही परवाना न घेताच भरून दिलेली असते. त्या माणसाच्या लेखी तीही फुकटच! मग तुम्ही त्याला कोणता पैसा वाचवून देणार?

दुसरी चूक म्हणजे स्वातंत्र्यावर व्याख्यान देणे. ते खरे आहे, पण ते नंतर. ज्याचा ऊस तोडीवाचून उभा आहे, त्याला साखरधंद्याचा इतिहास सांगून उपयोग नाही.

तिसरी चूक म्हणजे विंडोज वापरणाऱ्याला अडाणी ठरवणे. ज्या घरी जाऊन तुम्ही त्यांच्या बैलजोडीला नावे ठेवाल, त्या घरी तुम्हाला कोणी पाणीही विचारणार नाही.

पटते ते डोळ्यांनी पाहिलेले. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. शेतीविस्तार शिकणाऱ्या प्रत्येकाला तो वाचावा लागतो. नव्या मक्याची पहिली बातमी बहुतेकांना बियाणे विकणाऱ्याकडून कळली होती. पण पेरावे, हा निर्णय झाला तो शेजाऱ्याचे पीक पाहून. आणि पहिल्या वर्षी कोणी सगळ्या रानात पेरले नाही. थोड्या जमिनीत करून पाहिले. संगणकाचेही असेच आहे. 'माझा रखडणारा संगणक आता पळतो' हे शेजारणीचे एक वाक्य दहा भाषणांना भारी.

दोन ठिकाणची उदाहरणे

स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालच्या सीमेला लागून एक्स्ट्रेमाडुरा नावाचा प्रांत आहे. टोमॅटो, तंबाखू, लाल मिरचीची पूड आणि डुकरे पाळणे यांवर जगणारा, स्पेनमधल्या गरीब भागांत मोडणारा. तिथल्या प्रांत सरकारने २००२ साली 'लिनेक्स' नावाची स्वतःची मुक्त प्रणाली काढली आणि माध्यमिक शाळांत दोन मुलांमागे एक संगणक दिला. त्यांनी एक युक्ती केली. प्रोग्रामांना परकी नावे न ठेवता आपल्या मातीतल्या कवी-कलावंतांची नावे दिली. चित्रे सुधारण्याचा प्रोग्राम झाला 'झुरबारान', कारण त्या नावाचा थोर चित्रकार त्यांच्याच प्रांतात जन्मला होता. शिवाय खेड्यांतल्या मोठ्या माणसांना संगणक शिकवण्यासाठी केंद्रे उघडली. वस्तू परकी वाटली नाही की निम्मी भीती जाते, हे त्यांनी ओळखले.

दुसरे उदाहरण केरळचे. तिथे २००१ साली शाळांसाठी 'आयटी अॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला, २०१७ मध्ये त्यातूनच 'काइट' ही संस्था झाली. सरकारी शाळांतले संगणक-शिक्षण त्यांनी मुक्त प्रणालीवर आणले. पण नुसत्या तबकड्या वाटून ते मोकळे झाले नाहीत. आधी शिक्षक तयार केले, पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीवर बेतली, मल्याळम भाषेची सोय केली. बियाण्याबरोबर माणूसही दिला.

उलट उदाहरणही सांगायला हवे. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले. ते काम २०१३ पर्यंत पुरे झाले, आणि २०१७ साली तिथल्या सभागृहाने पुन्हा विंडोजकडे परतायचे ठरवले. तेव्हा एकदा रुजले म्हणजे कायमचे रुजले, असे समजू नये. निगा लागतेच.

मग करावे कसे?

ज्या मुलामुलींना हे काम करावेसे वाटते, त्यांनी पुढील क्रम पाळावा.

१. आधी कामांची यादी. त्या घरचा, त्या संस्थेचा संगणक रोज कशाकशाला लागतो ते आठवडाभर वहीत लिहून घ्या. सात-बारा काढणे, महाडीबीटीवर अर्ज भरणे, बाजारभाव पाहणे, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ ही कामे ब्राउझरमधली आहेत. ती मुक्त प्रणालीवरही होतात. अर्ज, पत्रे आणि साधे हिशेब लिब्रेऑफिसमध्ये होतात. पण टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्राम, डिजिटल सहीची किल्ली, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, दूध संस्थेचा खास प्रोग्राम, यांतले काही यादीत आले तर तिथेच थांबा आणि चौकशी करा. माझा घात याच जागी झाला होता.

२. शंभर दाण्यांची चाचणी. आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातले जुने सगळे पुसले जाते, म्हणून रिकामाच घ्यावा. प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेऊन ती त्यावर भरा. त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला, तर आतल्या चकतीला हात न लावता नवी प्रणाली चालवून पाहता येते. बंद करून पेन ड्राइव्ह काढला, की विंडोज जशीच्या तशी. हीच आपली उगवण चाचणी. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, स्कॅन होते का, मराठी टाइप होते का, हे एकेक तपासून वहीत खूण करा. पेन ड्राइव्हवरून ती थोडी संथ चालते, हेही घरच्यांना आधीच सांगा.

३. माउस त्यांच्या हाती. आपण झपाझप करून दाखवू नये. घरातल्या ताईंना बसवा, आपण शेजारी उभे राहा. ज्याने स्वतः एक अर्ज छापून घेतला, त्याची भीती गेली.

४. मराठीची घडी आधी बसवा. पडद्यावरची भाषा, इनस्क्रिप्ट कळफलक आणि युनिकोड फाँट हे सगळे लावून मगच संगणक हाती द्या. जुन्या फाँटमधली कागदपत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. त्याला वेळ लागतो. तो आधीच धरा.

५. जुने राखून नवे पेरा. सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढल्याशिवाय काही करू नये. काही लॅपटॉपमध्ये विंडोज आपली चकती कुलूपबंद ठेवते. त्याची परतीची किल्ली आधी लिहून घ्यावी. शक्य असेल तिथे पहिले काही महिने दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवाव्यात. परतीची वाट मोकळी आहे हे कळले, की माणूस पुढे पाऊल टाकतो.

६. दुरुस्तीवाल्याला धरून चला. औषध कोणते मारावे हे आपण कृषी केंद्रवाल्याला विचारतो, तसे संगणकाचे तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला विचारतो. त्याला डावलले तर तो पहिल्याच अडचणीला म्हणेल, "काढून टाका हो हे!" त्याला बरोबर घ्या, भरण्याची रास्त मजुरी द्या. प्रणालीला पैसे पडत नाहीत, पण माणसाच्या कामाला मोल आहे.

७. पहिला हंगाम सोबत करा. पहिल्या आठवड्यात दोनदा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने चक्कर मारा. बियाणे देऊन गेलेला आणि उगवण पाहायला न आलेला अधिकारी तुम्हाला आवडतो का?

दोषही सांगावेत

काही प्रिंटर-स्कॅनर हिच्यावर नीट चालत नाहीत. काही खेळ आणि धंद्याचे प्रोग्राम मिळत नाहीत. विषाणूंचा त्रास फार कमी, कारण संगणकांवरचे बहुतेक विषाणू विंडोजसाठी लिहिलेले असतात. पण म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला आणि तुम्ही दिला, तर बँकेतले पैसे कोणतीही प्रणाली वाचवणार नाही. हे दोष तुम्ही आधी सांगितलेत, तर ती माहिती ठरते. माणसाला नंतर कळले, तर ती फसवणूक वाटते.

ज्याचे पोट विंडोजवरच्या एका प्रोग्रामवर आहे, त्याला आग्रह करू नये. त्याला एवढेच सांगावे, की देखभाल थांबलेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार टाळा आणि तो संगणक होता होईल तो इंटरनेटपासून दूर ठेवा.

पुन्हा त्याच गावात

२०२५ च्या दिवाळीनंतर त्याच गावातून मला फोन आला. तिथल्या अभ्यासिकेत चार संगणक आहेत; मुले-मुली भरतीचे अर्ज भरतात, सराव परीक्षा देतात. विंडोज ११ त्यांतल्या एकालाही चालेना. नवे घ्यायला पैसा नव्हता. मी खरेच बिचकलो. पण गेलो.

या वेळी घाई केली नाही. ग्रंथपाल ताईंनी आठ दिवस वहीत कामे लिहिली. पेन ड्राइव्ह लावून चौघा मुलांनी सगळे तपासले. चारपैकी तीन संगणकांवर सगळ्या खुणा बरोबर पडल्या. चौथ्याला जोडलेला प्रिंटर छापत होता, पण स्कॅन करीना. मुले म्हणाली, "साहेब, टाकू सगळ्यांवरच!" मी म्हणालो, नको. तीन बदलले, चौथा तसाच ठेवला आणि त्याचे इंटरनेट काढून घेतले. स्कॅन त्यावर करायचे, फाइल पेन ड्राइव्हने इकडे आणायची. गैरसोय आहे, पण काम अडत नाही.

महिन्याने चक्कर मारली, तेव्हा एक मुलगी मिंटवर सराव परीक्षा देत बसली होती. कशी वाटते ही प्रणाली, असे मी विचारले. ती म्हणाली, "कोणती प्रणाली?" तिला ती बदललेली जाणवतही नव्हती. मला त्या उत्तराचा फार आनंद झाला.

दाराशी दूध संस्थेचे सचिव भेटले. आता ते थकले आहेत. हसून म्हणाले, "साहेब, या वेळी दाणे मोजलेले दिसतात."

वाचकहो, तुमच्या घरी जुना संगणक कपाटावर धूळ खात पडला असेल, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी शिकलेल्या मुलामुलींना हा लेख वाचायला द्या. एक पेन ड्राइव्ह आणि एक रविवार एवढाच खर्च आहे. उगवले तर पेरा, नाही उगवले तर सोडून द्या. पण मोजल्याशिवाय यातले काहीच करू नका.